पाच डॉलरच्या आधीचे तीन महिने: फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यातील कामगार-गळती, १९१३-१४

हेन्री फोर्डने ५ जानेवारी १९१४ रोजी आपल्या कामगारांचा रोज पाच डॉलरवर, म्हणजे एकदम दुपटीच्या वर नेला, हे उदाहरण व्यवस्थापनाच्या पहिल्या वर्षात हमखास शिकवले जाते. बहुतेक वेळा त्याला एक शेपूटही जोडलेले असते: कामगारांच्या हाती पैसा आला की ते आपल्याच मोटारी घेतील, असा म्हणे फोर्डचा हिशेब होता. हे साध्या गणितातही बसत नाही. त्या वेळी कारखान्यात सुमारे १४,००० माणसे होती आणि १९१४ मध्ये कंपनीने दोन लाखांहून अधिक मोटारी तयार केल्या. प्रत्येक कामगाराने एकेक मोटार घेतली असती, तरी वर्षाच्या उत्पादनाच्या सात टक्क्यांपुढे मजल गेली नसती, आणि तीही एकदाच.

खरी अडचण वेगळी होती. माणसे टिकत नव्हती, आणि ज्या दिवशी कामावर होती त्या दिवशीही मन लावून काम करतील याची खात्री नव्हती. तीवर कंपनीने जे केले त्यातला पगार हा शेवटचा भाग. त्याआधी ऑक्टोबर १९१३ मध्ये अधिकारांची आणि वेतनश्रेणींची मांडणी बदलली गेली, आणि या प्रकरणातला शिकण्यासारखा भाग आमच्या मते तिथेच आहे. पाच डॉलरच्या झगमगाटात तो झाकला जातो.

पट्टा आला आणि खाडा महाग झाला

डेट्रॉइटला लागून असलेल्या हायलंड पार्कचा कारखाना १९१० मध्ये सुरू झाला. तिथे एकच गाडी निघायची, मॉडेल टी. सुरुवातीला जुळणीची पद्धत जुनीच होती: चासी (मोटारीचा सांगाडा) एका जागी उभी, आणि माणसे सुटे भाग घेऊन तिच्याभोवती. एक चासी जुळवायला सरासरी १२ तास २८ मिनिटांचे मनुष्यश्रम लागत.

१ एप्रिल १९१३ ला मॅग्नेटोच्या (इंजिनाला ठिणगी पुरवणारा भाग) विभागात पहिला मोठा प्रयोग झाला. तोपर्यंत एक कारागीर सुमारे २० मिनिटांत एक अख्खा मॅग्नेटो जुळवत असे. ते काम २९ माणसांत वाटले, प्रत्येकाला एकदोन स्क्रू किंवा एखादी पट्टी एवढेच काम दिले, आणि वेळ १३ मिनिटे १० सेकंदांवर आला. पुढे कामाची उंची ८ इंचांनी वाढवली, कारण वाकून काम करण्यात वेळ जात होता. वेळ ७ मिनिटांवर आला. साखळीने चालणारा पट्टा लावल्यावर तो ५ मिनिटांवर उतरला. त्याच वर्षी ऑगस्टपासून हीच रीत चासीवर लावली गेली आणि एप्रिल १९१४ पर्यंत १२ तास २८ मिनिटांचे १ तास ३३ मिनिटे झाले.

या आकड्यांचे कौतुक भरपूर झाले आहे. त्यांची दुसरी बाजू अशी की कामाच्या या रचनेत गैरहजेरीची किंमतच बदलते. जुन्या पद्धतीत एक कारागीर आला नाही, तर त्या दिवशी त्याच्या वाट्याचे मॅग्नेटो तेवढे कमी होत. पट्ट्यावर सतरावा माणूस आला नाही, तर अठराव्यापासून एकोणतिसाव्यापर्यंत सगळे हात बांधून उभे. त्याच्या जागी कच्चा माणूस उभा केला तर पट्टा त्याच्या वेगाने चालणार. म्हणजे काम शिकायला सोपे झाले, पण हजेरी आणि एकसारखा वेग यांवरचे अवलंबित्व कित्येक पटींनी वाढले. आणि नेमक्या त्याच काळात काम कंटाळवाणे झाले. ज्याच्या हातात कसब होते त्याला ते नकोसे वाटू लागले.

३७० टक्के म्हणजे नेमके काय

वार्षिक गळतीचा दर काढण्याची रीत सोपी आहे: वर्षभरात सोडून गेलेल्यांच्या जागी घ्याव्या लागलेल्या माणसांची संख्या भागिले सरासरी पट, गुणिले शंभर. १९१३ मध्ये सुमारे १४,००० चा पट राखण्यासाठी कंपनीने ५२,००० हून अधिक माणसे घेतली. दर आला ३७० टक्के. शंभर माणसे वाढवायची तर ९६३ जणांची भरती करावी लागे. शिवाय रोजचा खाडा सुमारे १० टक्के, म्हणजे दररोज १,३०० ते १,४०० माणसांची बदली शोधायची.

सरासरीचा आकडा इथे फसवतो. ३७० टक्के याचा अर्थ प्रत्येक जागेवर वर्षात चार माणसे बदलली, असा नाही. काही कामगार वर्षानुवर्षे टिकून होते. उरलेल्या जागांवर मात्र दर महिन्या-दोन महिन्यांनी नवा चेहरा. म्हणून एकूण दर बघून थांबायचे नसते, तो फोडायचा असतो.

फोर्डच्या नोंदी ठेवणाऱ्यांनी तो फोडला होता. मार्च १९१३ या एका महिन्यात सुमारे ७,३०० माणसे गेली. त्यांपैकी १८ टक्के काढलेली. रीतसर सांगून, हिशेब घेऊन गेलेली साधारण ११ टक्के. आणि ७१ टक्के ‘पाच दिवसवाले’, म्हणजे जे न सांगता पाच दिवस आले नाहीत आणि ज्यांचे नाव मग पटावरून कापले गेले.

या तीन तुकड्यांवर तीन वेगळे उपाय लागतात. काढलेल्यांचे प्रमाण मोठे असेल तर निवड किंवा वरिष्ठांची वागणूक तपासायची. सांगून जाणारे जास्त असतील तर त्यांना बाहेर काय मिळते ते पाहायचे. न सांगता जाणारे जास्त असतील तर समजावे की नोकरी आणि माणूस यांच्यात धरून ठेवणारा धागाच नाही: निरोप द्यावा इतकीही त्या नोकरीची किंमत त्याला वाटत नाही, कारण दुसऱ्या दिवशी शेजारच्या कारखान्यात तशीच नोकरी मिळते. डेट्रॉइटमध्ये तेव्हा तशी ती मिळतही होती. भरीला, त्याच वर्षी जूनमध्ये शहरातल्या स्टुडबेकर कारखान्यात संप झाला होता आणि ‘इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड’ या संघटनेचे कार्यकर्ते हायलंड पार्कच्या फाटकाशी सभा घेत होते.

ऑक्टोबर १९१३: अधिकार कुणाकडे

कामगारविषयक जबाबदारी होती जॉन आर. ली यांच्याकडे. बफेलोची कीम मिल्स ही कंपनी फोर्डने घेतली, तिच्याबरोबर ते आले होते. १९१३ च्या उन्हाळ्यात त्यांनी असंतोषाची कारणे गोळा केली: कामाचे जास्त तास, कमी वेतन, राहण्याची वाईट सोय आणि घरचे प्रश्न, कारखान्यातली अस्वच्छता, आणि यादीत सर्वांत शेवटी फोरमन-अधीक्षकांची माणसे हाताळण्याची पद्धत.

गंमत अशी की ऑक्टोबरच्या बदलांत या शेवटच्या कारणालाच सर्वांत आधी हात घातला गेला. आणि ते बरोबरच होते, कारण ते दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत आणि बाकीचे उपाय त्याशिवाय टिकत नाहीत. तोवर फोरमन हा त्याच्या विभागाचा राजा होता. माणूस घ्यायचा त्याने, काढायचा त्याने, कुणाचा रोज किती हे ठरवायचे त्याने. परिणामी शेजारी शेजारी तेच काम करणाऱ्या दोघांचा रोज वेगळा असे. सबंध कारखान्यात वेतनाचे ६९ वेगवेगळे दर झाले होते.

लीने ते ६९ दर ८ वर आणले. कामांचे कौशल्यानुसार गट पाडले: वर यांत्रिक कारागीर आणि उपफोरमन, मग कुशल चालक, साधे चालक, मदतनीस, मजूर. एका गटात काम येऊ लागले की पुढची पायरी कोणती आणि तिथे ताशी किती, हे कामगाराला आधीच कळू लागले. पुरुष मजुराचा तळाचा दर ताशी २६ सेंट. ९ तासांच्या दिवसाला २.३४ डॉलर. सरासरी वाढ साधारण १५ टक्क्यांची होती. कामगारांसाठी बचत आणि कर्जाची संस्थाही सुरू झाली, म्हणजे अडीनडीला सावकाराकडे जायला नको.

फोरमनचा काढण्याचा अधिकार मात्र गेला. नको असलेल्या माणसाला तो आपल्या विभागातून बाहेर पाठवू शकत होता, कारखान्यातून नाही. असा माणूस रोजगार विभागाकडे जाई, आणि तो विभाग त्याला दुसऱ्या कामावर लावून पाहत असे.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास माहीत असणाऱ्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. तिथे जॉबरच्या (कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या) हाती हीच सत्ता होती. भरती त्याच्या मर्जीवर, बदली कामगाराला आज काम मिळेल की नाही तेही त्याच्या मर्जीवर, आणि त्या मर्जीला दस्तुरीची, म्हणजे त्याला द्यायच्या पैशांची, किंमत. गिरणीमालक संघाने बदली-नियंत्रणाची पद्धत १९३५ मध्ये आणली. ती जॉबरची ताकद कमी करण्यासाठीच होती, पण त्याचा जम इतका बसलेला होता की नियम आले म्हणून तो लगेच हलला नाही.

अधिकार काढून घेताना होणारी चूक इथे सांगायला हवी, कारण ती आजही जागोजागी दिसते. माणूस काढण्याचा हक्क काढून घेतला, पण उत्पादनाचा आकडा मात्र पूर्वीसारखाच सुपरवायझरच्या माथी ठेवला, तर जबाबदारी आहे पण हत्यार नाही अशी त्याची अवस्था होते. मग तो ‘मनुष्यबळ’ विभागाला दोष देतो आणि नको त्या माणसाला सर्वांत वाईट काम देऊन आपणहून जायला लावतो. कागदावर ते राजीनाम्याच्या खात्यात पडते. म्हणून अधिकार हलवला की तीन गोष्टी त्याच दिवशी लिहून ठेवाव्या लागतात: सुपरवायझरने तक्रार कुठे करायची, तिचा निकाल किती दिवसांत लागेल, आणि तोवर त्या जागेवर बदली माणूस कोण देणार.

ऑक्टोबरचे बदल पुरेसे नव्हते. डिसेंबर १९१३ मध्ये तीन वर्षे नोकरी झालेल्यांना खास बोनस द्यायचे ठरले, तेव्हा सुमारे १५,००० माणसांत पात्र निघाले ६४०. कारखाना झपाट्याने वाढत होता हे लक्षात घेतले तरी हा आकडा बोलका आहे.

पाच डॉलरची आतली रचना

घोषणेत तीन गोष्टी होत्या. दिवस ९ तासांवरून ८ तासांवर. दोन पाळ्यांच्या तीन पाळ्या. आणि पात्र कामगाराला दिवसाला किमान ५ डॉलर. पहिल्या दोन एकत्र वाचाव्यात. ९ तासांच्या दोन पाळ्या म्हणजे यंत्रे १८ तास चालणार, ८ तासांच्या तीन म्हणजे २४ तास. कामगाराचा दिवस कमी झाला आणि यंत्राचा वाढला.

५ डॉलर हे वेतन नव्हते. तळाच्या मजुराचे २.३४ डॉलर वेतन आणि २.६६ डॉलर नफ्याचा वाटा, अशी फोड होती. वरच्या गटांत वेतन जास्त, वाटा कमी, आणि दोन्हींची बेरीज पाचाच्या पुढे. हे अंतर राखणे फार महत्त्वाचे. तळाचा दर उचलायचा आणि वरचे तसेच ठेवायचे, असे केले की दहा वर्षांचा कसबी माणूस कालच्या नवख्याच्या बरोबरीला येतो आणि पहिला राजीनामा त्याचा येतो.

खर्चाचा अंदाज कुणालाही मांडता येईल. १४,००० माणसे × २.६६ डॉलर × ३०० दिवस = सुमारे १ कोटी १२ लाख डॉलर. सगळे पात्र ठरणार नव्हते, म्हणून कंपनीने वर्षासाठी १ कोटी डॉलर सांगितले.

पात्रतेच्या अटी अशा: सहा महिने नोकरी झालेली हवी, वय २२ च्या वर, किंवा त्याखाली असल्यास घरचे कुणीतरी अवलंबून, आणि राहणी ‘नीटनेटकी’. स्त्रिया सुरुवातीला या योजनेबाहेर राहिल्या. राहणी तपासायला समाजशास्त्रीय विभाग नावाचे एक खातेच काढले गेले. त्याचे तपासनीस घरी जात, लग्नाचा पुरावा मागत, बचतीचे पुस्तक पाहत, दारू आणि भाडेकरू ठेवण्यावर लक्ष ठेवत. कमी पडणाऱ्याचा वाटा रोखला जाई आणि सुधारणा दिसली की परत सुरू होई. नोव्हेंबर १९१४ मध्ये कामगारांपैकी ७१ टक्के परदेशात जन्मलेले होते. त्यांच्यासाठी इंग्रजीचे वर्ग निघाले. भाषा शिकवणे सुरक्षिततेसाठी आवश्यकच होते, पण त्याबरोबर कुणी कसे जगावे याचाही धडा दिला जात होता. सहा महिन्यांची अट आम्हाला चोख वाटते: ती नेमकी ‘पाच दिवसवाल्यां’वर रोखलेली होती. घरात शिरण्याचा भाग मात्र समर्थनीय नाही; त्याचा पट्ट्यावरच्या कामाशी संबंध फार थोडा.

घोषणेची अंमलबजावणी ढिसाळ झाली. बातमी वर्तमानपत्रांना आधी मिळाली, भरती-खिडकीची तयारी नव्हती. दुसऱ्याच दिवशी फाटकावर सुमारे दहा हजार माणसे जमली. गावोगावहून लोक येतच राहिले, आणि १२ जानेवारीला गोठवणाऱ्या थंडीत गर्दीवर पाण्याचे फवारे मारले गेले. किती जागा आहेत, कुणाला घेणार, अर्ज कुठे, एवढा मजकूर घोषणेबरोबर छापला असता तर ही वेळ आली नसती.

पैसे कुठून वसूल झाले

पुढच्या दोन वर्षांचे आकडे स्पष्ट आहेत. गळतीचा दर १९१३ मध्ये ३७०, १९१४ मध्ये ५४, १९१५ मध्ये १६ टक्के. कामावरून काढलेली माणसे ८,४९०, मग १६६, मग २७. रोजचा खाडा १० टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर.

काढलेल्यांच्या आकड्याकडे पुन्हा पाहा. ८,४९० वरून १६६ ही घसरण नुसत्या पगाराने होत नाही. कामगार किती शहाणे झाले यापेक्षा काढण्याचा हक्क कुणाकडे राहिला, याचा तो परिणाम आहे. ऑक्टोबरची फेरमांडणी आणि जानेवारीची वाढ तीन महिन्यांच्या अंतराने आल्यामुळे वार्षिक तक्त्यात दोन्ही एकत्र मिसळतात आणि सगळे श्रेय पाच डॉलरच्या खाती जमा होते.

नव्या भरतीचा खर्च वाचला म्हणून योजना परवडली, हे उत्तरही पूर्ण नाही. एका नव्या माणसामागे नोंदणी, शिकवणे, वाया गेलेला माल असे मिळून ३५ डॉलर धरू. ५२,००० × ३५ = १८ लाख २० हजार डॉलर. तिप्पट धरले तरी ५५ लाखांच्या आत. शिवाय पट्ट्यावरचे बरेचसे काम काही दिवसांत शिकता येत होते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा लहानच असणार. १ कोटीची वसुली भरतीखर्चातून होत नाही.

ती झाली पट्ट्याच्या वेगातून. बाहेर तेवढ्याच कौशल्याला अडीच डॉलर आणि इथे पाच, असे झाले की नोकरी गमावण्याची भीती खरी होते. खाडा करणारा विचार करतो. फोरमनने वेग वाढवला तर कामगार सहन करतो. फाटकाबाहेर रांग आहे हे त्याला दिसत असते. बाजारभावापेक्षा जास्त देऊन मेहनत आणि शिस्त विकत घेणे, यालाच पुढे अर्थशास्त्रात कार्यक्षमता-वेतन म्हटले गेले. फोर्डने स्वतःही नंतर लिहिले की खर्च कमी करण्याच्या आपल्या उत्तम निर्णयांपैकी हा एक होता. १९०८ मध्ये ८५० डॉलरला असलेली मॉडेल टी १९१६ मध्ये ३६० डॉलरला मिळू लागली.

आपल्या कारखान्यात हे लावायचे तर

दोनशे-तीनशे माणसांच्या, बराचसा कंत्राटी पट असलेल्या कारखान्यात पाच डॉलरची नक्कल करू नये. आधी मागच्या बारा महिन्यांतले सोडून गेलेले सगळे एका कागदावर घ्यावेत आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहाव्यात: किती दिवस टिकला, कुठल्या पट्ट्यावर होता, सुपरवायझर कोण, आणि गेला कसा. कंत्राटदाराकडून आलेल्यांना वगळू नये. बहुतेक ठिकाणी गळती तिथेच असते आणि तीच मोजली जात नाही.

निम्म्याहून जास्त माणसे पहिल्या तीस दिवसांत जात असतील, तर वेतनवाढीचा फायदा टिकलेल्यांना मिळेल आणि गळती तशीच राहील. तिथे पहिल्या आठवड्यातले काम, बसची वेळ, जेवण आणि भरतीच्या वेळी दिलेली आश्वासने तपासावीत. एका सुपरवायझरखाली दर दुप्पट दिसत असेल तर उपाय पगारात नाही. सहा महिने ते दोन वर्षे काम केलेली, हात बसलेली माणसे जात असतील आणि शेजारच्या वसाहतीत त्यांना जास्त मिळत असेल, तेव्हाच पगाराचे गणित मांडायला घ्यावे, आणि तेही श्रेणींमधले अंतर राखून.

आणखी एक तारीख वहीत लिहावी: ही वाढ पुन्हा कधी तपासायची. फोर्डने ती लिहिली नाही. पहिल्या महायुद्धाच्या महागाईत पाच डॉलरचा बाजारभावावरचा वरचष्मा विरघळला. जानेवारी १९१९ मध्ये किमान रोज ६ डॉलर झाला, पण तोवर इतर कारखानेही जवळ आले होते. समाजशास्त्रीय विभाग १९२१ पर्यंत गुंडाळला गेला आणि त्याचे प्रमुख सॅम्युअल मार्क्विस कंपनी सोडून गेले. वेतनातले अंतर मिटले तसा वेग राखायला धाक वापरला जाऊ लागला, हॅरी बेनेट यांच्या पहारेकऱ्यांच्या खात्यामार्फत. १९३७ मध्ये याच पहारेकऱ्यांनी युनायटेड ऑटो वर्कर्सच्या कार्यकर्त्यांना फोर्डच्याच रूज कारखान्याजवळच्या पुलावर मारहाण केली, आणि १९४१ मध्ये कंपनीला त्याच युनियनशी करार करावा लागला.